हजाराचा हिशेब आणि एक हजार चोवीसचा

हार्ड डिस्कच्या खोक्यावर एक टीबी लिहिलेलं असतं आणि संगणकाला जोडल्यावर ९३१ जीबी दिसतं. उरलेले जीबी गेले कुठे, असं विचारत माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांची आधीच खात्री झालेली असते की दुकानदारानं ठगवलं. भंडारा जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या गावी माझं दुकान आहे. संगणक दुरुस्ती, ऑनलाइन अर्ज आणि शूटिंगवाल्यांचा डेटा सांभाळणं हे माझं काम. या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे आणि बहुतेक वेळा कोणी कोणाला ठगवलेलं नसतं. पण उत्तर माहीत नसल्यामुळे खरं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. तसं पुन्हा कोणाचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर झाडीपट्टीचं नाटक. नाटकाचा पडदा उशिरा उघडतो आणि उजाडेपर्यंत माणसं मांडवातून हलत नाहीत. पूर्वी हे सगळं पाहणाऱ्यांच्या आठवणीतच राहायचं. आता गावातली पोरं कॅमेरा लावतात. लाखनी तालुक्यातल्या एका गावच्या मंडळानं अशा बऱ्याच वर्षांच्या मंडईंचं चित्रीकरण जपून ठेवलं होतं. त्यात एका वृद्ध शाहिरांच्या खडी गंमतीची अख्खी रात्र होती. ते शाहीर पुढच्या मंडईपर्यंत राहिले नाहीत. त्यांच्या तोंडच्या कितीतरी रचना कुठल्या वहीतही नव्हत्या.

हा साठा एका जुन्या डेस्कटॉपवर होता. तो डेस्कटॉप काढायचा म्हणून सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्यायचं ठरलं. सगळे फोल्डर निवडून पाहिले तेव्हा विंडोजनं एकूण आकार ९४० जीबी दाखवला. एक टीबी म्हणजे हजार जीबी, कोणी म्हणतं एक हजार चोवीस. कसंही धरलं तरी ९४० आरामात मावेल, असा हिशेब करून एक टीबीची डिस्क आणली गेली. एक मुलगा रोज रात्री एकेक फोल्डर कॉपीला लावायचा. शेवटच्या फोल्डरला मात्र जागा अपुरी असल्याचा संदेश आला. डिस्कमध्ये काही बिघाड असावा, बदलून आणू आणि मग उरलेलं टाकू, असं त्याला वाटलं. तो थांबला. तेवढ्यात 'कॉपी झाली' एवढंच कानावर पडलेल्या दुसऱ्या कोणी डेस्कटॉप फॉरमॅट मारून विकून टाकला. मागे राहिलेला फोल्डर त्या शाहिरांचा होता.

डिस्क घेऊन ते माझ्याकडे आले तेव्हा पहिला प्रश्न हाच होता : "भाऊ, डिस्क तं एक टीबीची हाये, मंग जागा कायले नाई पुरली? दुकानदारानं ठगवलं का जी?"

दुकानदारानं बरोबर माल दिला होता. एक टीबीच्या डिस्कवर साधारण एक लाख कोटी बाइट मावतात, आणि या डिस्कवर त्याहून वीसेक कोटी जास्तच होते. मंडळाच्या साठ्याचे बाइट मात्र एक लाख ९३१ कोटी भरत होते, म्हणजे नऊशे कोटींवर जास्त. त्यांच्या कॅमेऱ्याच्या दर्जानुसार ही कमी पडलेली जागा सुमारे पन्नास मिनिटांच्या चित्रीकरणाची. तेवढ्यासाठी अख्खा फोल्डर बाहेर राहिला. विकलेला डेस्कटॉप आम्ही शोधून काढला, पण त्यावर नवी विंडोज चढली होती आणि नव्या मालकानं बराच डेटा भरला होता. डेटा परत काढणारी सॉफ्टवेअर चालवली. काही तुकडे निघाले, पण एकही फाइल सलग चालेना. ती रात्र गेली ती गेलीच.

आता ९४० हा आकडा हजाराहून मोठा कसा ठरतो ते पाहू.

किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, टेरा म्हणजे एक लाख कोटी. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत, म्हणजे एसआय पद्धतीत, या उपसर्गांना दुसरा अर्थ नाही. मापनाची आंतरराष्ट्रीय संस्था आपल्या पुस्तिकेत स्पष्ट बजावते की हे उपसर्ग दोनाच्या घातांसाठी वापरू नयेत. पण संगणकाची स्मृती दोनाच्या घातांतच वाढते. चिपमधल्या जागेचा पत्ता सांगायला दहा तारा असतील तर प्रत्येक तारेच्या दोन अवस्था धरून १०२४ पत्ते होतात. १०२४ हे हजाराच्या अगदी जवळ, म्हणून सुरुवातीच्या अभियंत्यांनी त्यालाच किलो म्हणायला सुरुवात केली. तेव्हा स्मृती इतकी थोडी असायची की फरकानं कोणाचं काही अडत नव्हतं. किलोला तो फरक २.४ टक्के आहे. मेगाला ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळजवळ १० टक्के होतो, कारण प्रत्येक पायरीवर तो पुन्हा गुणला जातो. किलोबाइटच्या काळात दुर्लक्ष करण्यासारखी असलेली तफावत टेराबाइटच्या काळात रात्रभराचं नाटक गिळू शकते ती अशी.

हार्ड डिस्क बनवणाऱ्यांना दोनाच्या घाताशी बांधून घेण्याची गरज कधीच नव्हती. चुंबकीय तबकडीवर जितके पट्टे बसतील तितकी तिची क्षमता. आयबीएमनं १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या डिस्कची क्षमता ५० लाख अक्षरं अशी सरळ दशमानात सांगितली जायची. तीच रीत आजच्या खोक्यांवर आहे. बऱ्याच खोक्यांवर बारीक अक्षरांत १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट असं छापलेलंही असतं. विंडोज मात्र १०२४च्या हिशेबानं भागाकार करते आणि उत्तरापुढे तेच 'जीबी' लिहिते. एक लाख कोटीला १०२४नं तीनदा भागलं की ९३१ येतं. डिस्क तेवढीच आहे, बाइट तेवढेच आहेत, भागाकार वेगळा आहे.

असाच पेच आपल्या देशात पैशांच्या बाबतीत येणार होता. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे होते. हाही दोनाच्या पटीतलाच हिशेब. त्या दिवसापासून रुपयाचे १०० पैसे झाले. जुनी आणि नवी नाणी काही काळ बाजारात सोबत फिरणार होती. दोन्हींना 'पैसा' म्हटलं असतं तर प्रत्येक गुजरीत वाद झाला असता. म्हणून नव्या नाण्यावर 'नया पैसा' असं छापलं गेलं, आणि लोक सरावल्यावर १ जून १९६४ ला 'नया' हा शब्द गाळला. माप बदललं तेव्हा नावही वेगळं ठेवण्याचा तो शहाणपणा होता.

संगणकाच्या बाबतीतही तो प्रयत्न झाला. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगानं, म्हणजे आयईसीनं, डिसेंबर १९९८ मध्ये १०२४च्या हिशेबासाठी वेगळे उपसर्ग मंजूर केले : किबी, मेबी, गिबी, टेबी. एक किबीबाइट म्हणजे १०२४ बाइट, आणि किलोबाइट म्हणजे फक्त हजार. लिहिताना मधे एक लहान 'आय' येतो, एवढाच फरक. त्यानुसार आपली एक टीबीची डिस्क ९३१ गिबीबाइटची आहे आणि मंडळाचा साठा ९४० गिबीबाइटचा होता. विंडोजनं हे शब्द लिहिले असते तर निदान कोणीतरी थांबून विचारलं असतं की गिबी म्हणजे काय. लिनक्सच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ते दिसतात. आपल्या दुकानांत, शाळांत, पाठ्यपुस्तकांत मात्र अजून '१०२४ केबी म्हणजे १ एमबी' हेच पाठ करून घेतलं जातं. मला हे मनापासून खटकतं. मुलांना दोन्ही हिशेब शिकवायला एक तासही लागत नाही.

तेव्हा कोण कोणत्या हिशेबानं बोलतं हे ओळखणं आपल्यालाच भाग आहे. हार्ड डिस्क, एसएसडी, पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांच्या खोक्यावरचा आकडा हजाराच्या हिशेबाचा. रॅमचा आकडा नेहमी १०२४चा, त्यामुळे ८ जीबी रॅम पूर्ण ८च असते. विंडोज १०२४नं मोजते. ॲपलच्या मॅकनं २००९ पासून हजारानं मोजायला सुरुवात केली. अँड्रॉइडनं आपल्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, हजाराचा हिशेब धरला. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये सहा टीबीची डिस्क ५५८८ जीबीच्या आसपास दिसली तर घाबरू नका, तो १०२४चाच भागाकार आहे. जुन्या लग्नांच्या सीडी-डीव्हीडी अजून घराघरांत आहेत, त्यांच्यातही मेळ नाही. ७०० एमबीची सीडी १०२४च्या हिशेबाची आणि ४.७ जीबीची डीव्हीडी हजाराच्या हिशेबाची, म्हणून ती विंडोजवर ४.३७ जीबी दिसते. फ्लॉपी तर याहून विचित्र. तिचे १.४४ एमबी म्हणजे १४४० गुणिले १०२४ बाइट, म्हणजे एकदा हजार आणि एकदा १०२४.

नागपूरच्या एखाद्या स्टुडिओत मॅकवर एडिटिंग होतं आणि गावाकडे विंडोज असते, तिथे फोनवरचं बोलणंही फसतं. तिकडून सांगतात, फोल्डर ९९० जीबीचा आहे. इकडे डिस्क ९३१ दाखवते. मावणार नाही असं वाटतं, प्रत्यक्षात मावतं, कारण तो ९९० हजाराच्या हिशेबातला आहे आणि विंडोजवर ९२२ होईल. उलट इकडून ९४० सांगितलं तर तिकडे ते हजाराच्या पुढे जाईल. मी आता शूटिंगवाल्यांना एकच सांगतो : फोनवर जीबी बोलू नका, बाइट बोला. फोल्डरवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडली की आकारापुढे कंसात बाइटचा पूर्ण आकडा असतो. तो आकडा विंडोजवर, मॅकवर, कुठेही पाहा, सारखाच येतो. त्याच्याच खाली 'साइज ऑन डिस्क' म्हणून आणखी एक आकडा असतो, तो घेऊ नका. फाइल डिस्कवर ठरावीक आकाराच्या कप्प्यांत बसते आणि शेवटचा कप्पा अर्धा रिकामा राहिला तरी पूर्ण धरला जातो, म्हणून तो आकडा डिस्कगणिक बदलतो.

डिस्क विकत घेताना माझा ठोकताळा असा आहे. विंडोजनं जीबीत दाखवलेल्या आकड्याला १.१ नं गुणायचं आणि निदान तेवढ्या जीबीची डिस्क मागायची. ९४० ला गुणलं तर १०३४ येतं, म्हणजे एक टीबी चालणार नाही, दोन टीबीच घ्यावी लागेल. त्यात थोडी जास्तीची जागा धरलेली आहे आणि ती लागतेच, कारण फाइलींची नोंद ठेवायला डिस्क स्वतःही थोडी जागा वापरते. गच्च भरलेल्या डिस्कवर काम करणं तसंही धोक्याचं असतं.

कॉपी पूर्ण झाली हे कसं ठरवायचं? पडद्यावरची हिरवी पट्टी संपली म्हणून नाही. मूळ फोल्डरची प्रॉपर्टीज आणि नव्या फोल्डरची प्रॉपर्टीज शेजारी शेजारी उघडा. फाइलींची संख्या जुळली पाहिजे आणि बाइटचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे. फाइलींची संख्या पाहण्याला आमच्या भागात विशेष कारण आहे. ३२ जीबीपर्यंतच्या मेमरी कार्डांवर सहसा फॅट३२ ही जुनी मांडणी असते आणि तिच्यात एका फाइलला ४,२९,४९,६७,२९५ बाइटांहून जास्त जागा मिळत नाही. त्यामुळे कॅमेरा रात्रभराच्या नाटकाचे आपोआप तुकडे पाडतो. मधला एखादा तुकडा राहून गेला तर पहिला आणि शेवटचा अंक पाहून कोणाला शंकाही येत नाही. आकडे जुळल्यावर मधून मधून दोन-चार फाइली चालवून पाहा. मग दुसऱ्या एका डिस्कवर आणखी एक प्रत करा, आणि त्यानंतरच मूळ कार्ड किंवा संगणक रिकामा करा. 'कॉपी झाली' हे वाक्य ज्यानं आकडे स्वतः जुळवले त्यानंच म्हणावं. मंडळांनी तर एक वही ठेवावी : तारीख, फोल्डर, फाइली, बाइट आणि जुळवणाऱ्याची सही.

दुसरा अनुभव अर्जांचा आहे, आणि तो जिल्ह्यातल्या हजारो मुलामुलींच्या कामाचा आहे.

लाखांदूर तालुक्यातली एक मुलगी बँक भरतीचा अर्ज भरत होती. शेवटचा दिवस, संध्याकाळची वेळ. फोटोला ५० केबीची मर्यादा होती. तिच्या फोटोचा आकार संगणकावर ४९.४ केबी दिसत होता आणि संकेतस्थळ तो पुन्हा पुन्हा परत पाठवत होतं. सर्व्हर बंद पडला असावा असं तिला वाटलं. घरी जाऊन रात्री पुन्हा करते, असं म्हणत ती उठलीच होती. प्रॉपर्टीजमध्ये पाहिलं तर ४९.४ केबीपुढे ५०,५८६ बाइट लिहिलं होतं. संकेतस्थळ ५० केबी म्हणजे ५०,००० बाइट धरत होतं. फोटो थोडा दाबून ४७ केबीवर आणला आणि पहिल्याच वेळी चढला. तोच जुना फोटो तिच्या फोनवर ५०.६ केबी दिसत होता, म्हणजे फोन खरं सांगत होता, फक्त तिकडे कोणी पाहिलं नव्हतं. सोबत आलेल्या मैत्रिणीनं सांगितलं की तिचा एक अर्ज असाच अडून राहिला होता आणि मुदत संपली होती. एका भरतीची संधी एवढ्याशा फरकानं जावी, याचं मला फार वाईट वाटतं. शिक्षणाला पैसे पुरवणारे आईबाप धानाच्या एका हंगामावर वर्ष काढतात.

कोणतं संकेतस्थळ कोणत्या हिशेबानं मोजतं हे बाहेरून कळत नाही. म्हणून दोन्ही हिशेबांत बसेल असाच आकार ठेवायचा. विंडोजवर पाहत असाल तर ५० केबीच्या मर्यादेसाठी ४८च्या आत, २० साठी १९च्या आत, १०० साठी ९७च्या आत, २०० साठी १९५च्या आत, ५०० साठी ४८८च्या आत राहा. १ एमबी असेल तर ०.९५ आणि २ एमबी असेल तर १.९च्या वर जाऊ नका. खालच्या मर्यादेचं उलट आहे. 'किमान २० केबी' असेल आणि तुम्ही फोनवर फाइल पाहत असाल तर २०.२ केबी दिसणारी फाइल २०,२०० बाइटची असते, आणि १०२४च्या हिशेबात २० केबीला २०,४८० बाइट लागतात. ती 'फार लहान' म्हणून परत येऊ शकते. फोनवर २१ दिसेल इतकी ठेवा.

आणखी एक बारकावा. विंडोजच्या यादीत फाइलींपुढे जो केबीचा रकाना असतो तो वरच्या पूर्ण आकड्याकडे नेलेला असतो. ४९.४ ची फाइल तिथे ५० दिसते, आणि एका बाइटची फाइलही १ केबी दिसते. त्या रकान्यावरून अर्ज भरू नका. सही, अंगठा, हमीपत्र या सगळ्यांना वेगवेगळ्या मर्यादा असतात. त्यामुळे शेवटच्या दिवसाआधी सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये तयार करून प्रत्येकीचे बाइट एका कागदावर लिहून ठेवावेत.

इंटरनेटच्या वेगाबद्दल थोडक्यात. तिथे हजाराचाच हिशेब चालतो, पण एकक बिट असतं. इंग्रजी लिपीतला लहान 'बी' म्हणजे बिट, मोठा 'बी' म्हणजे बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट. ३० एमबीपीएसची जोडणी सेकंदाला ३.७५ मेगाबाइटच आणते. २० एमबीपीएसच्या वेगानं १० जीबीचा व्हिडिओ वर चढवायला तासाहून जास्त लागतो. म्हणून एवढे मोठे फोल्डर नागपूरला पाठवायचे असतील तर डिस्क माणसाच्या हाती देणं अजूनही लवकर होतं, पण आधी तिची प्रत घरी ठेवून.

ठगवणूक होतच नाही असं मात्र नाही. बाजारात आणि ऑनलाइन काही शे रुपयांत दोन टीबीचे पेनड्राइव्ह मिळतात. ते खोटे असतात. आतली चिप बत्तीस-चौसष्ट जीबीची, आणि तिच्यावरचा प्रोग्रॅम संगणकाला दोन टीबी असल्याचं सांगतो. कॉपी विनातक्रार होते, नावं दिसतात, आणि फाइल उघडायला गेलं की आत काहीच नसतं. म्हणून कितपत कमी दिसणं साधारण आहे हे लक्षात ठेवा. विंडोजवर १६ जीबीचा पेनड्राइव्ह १४.९, ३२ चा २९.८, ६४ चा ५९.६, १२८ चा ११९, ५०० जीबीची डिस्क ४६५ आणि एक टीबीची ९३१ दिसायला हवी. याहून किंचित कमी चालेल. बरंच कमी असेल तर एखादा लपलेला भाग आहे का ते पाहावं. अगदी बरोबर दिसत असूनही किंमत संशयास्पद असेल तर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ यांसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवा. तो पूर्ण जागा भरून परत वाचून पाहतो, त्यामुळे खोटा माल लपत नाही. वेळ बराच लागतो, पण महत्त्वाच्या कामाआधी तो द्यावा. बिल घ्या. माल खोटा निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे.

पण ९३१ दिसतात म्हणून भांडायला जाऊ नका. अमेरिकेत लोक याच कारणानं कोर्टात गेले होते. वेस्टर्न डिजिटलनं २००६ मध्ये आणि सीगेटनं २००७ मध्ये ग्राहकांशी तडजोड केली. पुढे कंपन्यांनी खोक्यांवर हिशेब छापला. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात सॅनडिस्कविरुद्धचा असाच दावा टिकला नाही, कारण गिगा म्हणजे शंभर कोटी हे वेष्टनावरच लिहिलेलं होतं. आपल्याकडेही २००९ च्या वैधमापन कायद्यानं एसआयवर आधारलेली मेट्रिक पद्धतच मानली आहे. खोक्यावरचा आकडा त्या पद्धतीला धरून आहे. बदलायला हवा तो पडद्यावरचा आकडा, निदान त्यापुढची खूण.

ती बदलेल तेव्हा बदलेल. तोवर भंडाऱ्यापासून तुमसर, पवनी, साकोलीपर्यंत अर्ज भरून देणारी जी केंद्रं आहेत त्यांच्या चालकांना माझी विनंती आहे : फोटो आणि सहीच्या मर्यादा बाइटमध्ये लिहून भिंतीवर लावा, आणि मुलांना फाइल देताना बाइटचा आकडा सांगा. संगणक शिकवणाऱ्या गुरुजींनी १०२४ सोबत हजारही शिकवावा. आणि ज्या मंडळांकडे, शाहिरांच्या घरांत किंवा स्टुडिओत दंडारीचं, खडी गंमतीचं, झाडीपट्टीच्या नाटकांचं जुनं चित्रीकरण पडून आहे, त्यांनी येत्या मंडईच्या आधी ते बाहेर काढावं, फाइली आणि बाइट जुळवून दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती कराव्यात, त्या दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात, आणि तोवर मूळ संगणक किंवा कार्ड कोणालाही देऊ नये.